जोडीत कोण नाचणार? एका संमेलनातलं जुनं हॉलिवूड

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका शहरातलं मराठी मंडळ. गणपती, दिवाळी आणि वसंतातलं स्नेहसंमेलन हे वर्षाचे तीन मोठे कार्यक्रम. संमेलनात हायस्कूलच्या मुलामुलींना वीसेक मिनिटांचा नाच दिलेला असतो आणि बहुतेक वर्षी तो हिंदी गाण्यांचा मेडले असतो. ज्या वर्षाचं हे प्रकरण आहे त्या वर्षी मुलांनी वेगळं काहीतरी मागितलं. नाच बसवणाऱ्या ताई मूळच्या कथकच्या, इथे आल्यावर टॅप (बुटांच्या तळव्यांनी ताल वाजवत करायचा नाच) शिकलेल्या. त्यांनी विषय सुचवला: १९३० ते १९५० च्या दशकांतल्या हॉलिवूड नृत्यपटांमधल्या प्रेमाच्या जोड्या. मी सांस्कृतिक समितीत होते आणि निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील इथे दिलेले नाहीत.

विषय समितीला लगेच पटला. प्रेम भरपूर, अंगचटीला जाणं जवळजवळ नाही, आजी-आजोबांसोबत बसून बघता येईल असं. ‘टॉप हॅट’ (१९३५) मधला पावसाचा प्रसंग ताईंनी पहिल्याच तालमीला दाखवला. बागेतल्या गोल मंडपात जिंजर रॉजर्स घोडेस्वारीच्या कपड्यांत, जरा घुश्शातच बसलेली. फ्रेड अस्टेअर गाणं म्हणतो, मग शीळ घालत फेऱ्या मारू लागतो. ती उठते आणि त्याच्या मागून त्याच्याच चालीची नक्कल करत चालते. तो एक तुकडा करतो, ती तोच करून दाखवते, वर आपली भर घालते. बराच वेळ दोघं एकमेकांना हातही लावत नाहीत. शेवटी मंडपाच्या कडेवर बसून हस्तांदोलन करतात, बस्स. दोघांचं जमलंय हे तोवर सगळ्या थिएटरला कळलेलं असतं. कथकची सवाल-जवाबाची सवय असलेल्या मुलींना हा प्रसंग फारच आवडला.

अडचण कुठे सुरू झाली

कार्यक्रमाच्या यादीत ‘स्विंग टाइम’ (१९३६) मधलं ‘बोजँगल्स ऑफ हार्लेम’ होतं. गटातल्या सर्वांत उंच मुलाला ते एकट्यानं करायचं होतं. त्यानं त्यातला फक्त सावल्यांचा भाग पाहिला होता: अस्टेअरच्या मागे भिंतीवर त्याच्याच तीन प्रचंड सावल्या नाचतात, मग हळूहळू त्याच्याशी फटकून वागू लागतात आणि शेवटी हरून निघून जातात. कॅमेऱ्याची ही करामत आजही थक्क करते. या नाचासाठी हर्मीस पॅनला नृत्यदिग्दर्शनाच्या ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

एका घराच्या बेसमेंटमध्ये तालमीच्या वेळी ताईंनी तो नाच सुरुवातीपासून लावला. सुरुवातीला पडद्यावर दिसतात ते बुटांचे दोन अवाढव्य तळवे. ते काळ्या माणसाच्या जाड ओठांच्या चेहऱ्यासारखे रचलेले आहेत. मग ते बाजूला होतात आणि मागे अस्टेअर दिसतो, चेहरा काळा रंगवलेला. ही ब्लॅकफेसची प्रथा: गोऱ्या नटांनी चेहरा काळा करून काळ्या माणसांची टिंगल करायची. एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल खेळांपासून ती चालत आलेली. अस्टेअरचा हेतू बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन या थोर टॅपनर्तकाला मानवंदना देण्याचा होता. तो रॉबिन्सन चित्रपटात कुठेही नाही.

त्या दिवशी खोलीत उंच मुलाचा वर्गमित्रही होता. हा काळा अमेरिकन मुलगा लहानपणापासून टॅप शिकलेला. आमच्या मुलाला पावलं पक्की करून देण्यासाठी तालमींना येत असे. सगळ्यांच्या नजरा नकळत त्याच्याकडे गेल्या. तो मात्र निवांत होता. म्हणाला, “हे माझ्या सरांनी दाखवलंय. आणि हा नाच रॉबिन्सनचा नाहीच. रॉबिन्सन ताठ उभा राहून चवड्यांवर नाचायचा. इथे टाचा पडतायत, हात सैल सुटलेत. हे जॉन बबल्स या दुसऱ्या टॅपनर्तकाचं आहे.” मग उठून त्यानं दोन्ही करून दाखवलं. फरक बेसमेंटच्या फरशीवरही ऐकू येत होता.

आता काय करायचं, हा प्रश्न समितीकडे आला.

पहिल्या निर्णयाआधी तोललेले पर्याय

पहिला पर्याय, म्हणजे रंग लावून जसंच्या तसं करायचं, कोणी ठामपणे मांडला नाही. पण एक काकू म्हणाल्या, “आदरानंच केलंय की त्यानं. आपल्याकडे गॅदरिंगला आदिवासी नृत्य असलं की आपण मुलांना काजळ फासून पानं गुंडाळत नव्हतो का?” बैठकीत थोडी शांतता पसरली, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी शाळेत ते केलं होतं. मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यांत कामाचं वाक्य तेच होतं. ब्लॅकफेस म्हणजे अमेरिकेतल्या लोकांचं जुनं पाप, आपला काय संबंध, अशी जी सोयीची भूमिका आम्ही घेणार होतो, ती त्या वाक्यानं काढून घेतली.

दुसरा पर्याय: रंग न लावता, पडद्यावर सावल्या पाडून नाच करायचा. उंच मुलाला हाच हवा होता. पण ज्याच्या नावानं नाच आहे तो माणूस यातही गैरहजरच राहत होता. तिसरा पर्याय नाचच गाळण्याचा. समितीच्या काकांचा कल तिकडे होता, कारण त्यात कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

चौथा पर्याय मला स्वतःला मोहात पाडणारा होता. जॅक कोल हा हॉलिवूडचा मोठा नृत्यदिग्दर्शक. १९५३ मधला मॅरिलिन मन्रोचा गुलाबी झग्यातला प्रसिद्ध हिऱ्यांचा नाच त्याचाच. तो भरतनाट्यम शिकला होता आणि त्याच्या हालचाली स्विंगच्या संगीतावर बसवत असे. म्हणजे आपली मान, आपले डोळे, आपल्या मुद्रा त्या पडद्यावर पोहोचल्या. आपली माणसं नाही. हे मंचावर आणता आलं असतं तर बहारच होती. ताईंनी साफ नकार दिला: हातात वेळ थोडा, आणि पावलं नीट माहीत नसताना अंदाजानं बसवायचं म्हणजे आपणही तेच करायचं. त्यांचं बरोबर होतं.

पाचवा पर्याय ताईंचा. रॉबिन्सनच दाखवू. त्याचा जिन्याचा नाच घेऊ, आणि तो त्या मित्राला करायची इच्छा आहे का, विचारू.

हा जिन्याचा नाच ‘द लिट्ल कर्नल’ (१९३५) मध्ये आहे. रॉबिन्सन घरचा नोकर. मालकाच्या हट्टी नातीला, म्हणजे सहा वर्षांच्या शर्ली टेंपलला, झोपायला वर न्यायचं म्हणून तो पायऱ्यांवर नाचत चढतो. त्याच्या बुटांना लाकडी तळवे असत. प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा काढायचा, आणि वरचं शरीर असं की हातात भरला पेला दिला तरी सांडू नये. मित्रानं “हो” म्हणायला क्षणभरही लावला नाही. यादी बदलली, सगळे सुटल्यासारखे झाले.

दुसरा पेच

आठवडाभरानं गटातल्या सर्वांत बुटक्या मुलीनं ताईंना विचारलं, “तो शेवटच्या नाचात का नाहीये?”

शेवटी सगळ्या जोड्या एकत्र येऊन ‘स्विंग टाइम’च्या अखेरच्या नाचावर बेतलेला भाग करणार होत्या. त्या जोड्या मंडळातल्याच मुलामुलींच्या होत्या. मित्राला मधल्या जिन्यावर एकट्याचा तुकडा होता: या, टाळ्या घ्या, जा. मुलीनं निवेदनाचा मसुदा वाचला होता. त्यात मी लीना हॉर्न या काळ्या गायिकेबद्दल लिहिलं होतं. १९४० च्या दशकात मोठ्या स्टुडिओच्या संगीतपटांत तिला एखाद्या खांबाशी उभं राहून गाणं म्हणायला लावत. कथेशी तिचा संबंध नसे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, वर्णभेद मानणाऱ्या थिएटरांत तेवढा तुकडा कापला तरी चित्रपटाचं काही बिघडत नसे. मुलीचं म्हणणं सरळ होतं: आपण त्याला तसंच ठेवलंय. उद्या जिना काढला तरी आपल्या कार्यक्रमाला काहीच होणार नाही.

इथे मला त्या चित्रपटांकडे पुन्हा बघावं लागलं. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची निर्मितीसंहिता १९३० साली लिहिली गेली आणि १९३४ च्या मध्यापासून कडकपणे राबवली गेली. तिच्यात एक नियम कामुक, लांबलेली चुंबनं नकोत असा होता. दुसरा नियम गोऱ्या आणि काळ्या वंशांतले संबंध दाखवायचेच नाहीत असा. दुसरा थेट १९५६ मध्ये गेला. आम्ही पहिल्या नियमाचं कौतुक करत होतो: बघा, चुंबनाशिवाय किती नजाकतीनं प्रेम दाखवलंय. पण त्यामुळेच या चित्रपटांत नाच म्हणजे केवळ करमणूक उरत नाही. मागणी घालणं, रुसवा, होकार, सगळं नाचातच उरकतं. मग कोण कोणाबरोबर नाचू शकतो याचा अर्थ कोण कोणावर प्रेम करू शकतो असाच होतो. दोन नियम एकत्र वाचले की रॉबिन्सनचा जिना वेगळाच दिसतो. पडद्यावर गोऱ्या जोडीदारणीचा हात धरायला त्याला मिळाला, तो सहा वर्षांच्या मुलीचा. तेही नोकराच्या वेषात, आणि दक्षिणेत तो हात धरलेला भागही कापला जात असे.

काळ्या कलाकारांना प्रेम मिळालंच तर वेगळ्या चित्रपटात. ‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) मध्ये सगळे कलावंत काळे, म्हणून रॉबिन्सनला नायिका मिळाली, लीना हॉर्न. तो ६५ वर्षांचा, ती २६ ची. त्याच चित्रपटात फेयार्ड आणि हॅरल्ड हे निकोलस बंधू प्रचंड जिन्यावर एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, पाय फाकून थेट पायरीवर उतरत खाली येतात आणि हात न टेकता उठतात. (ते बघून दोन मुलांनी प्रयत्न करायची तयारी दाखवली. मंडळाचा विमा त्यासाठी नाही, असं काकांनी लगेच कळवलं.) दोघंही देखणे, ऐन तारुण्यातले, आणि हॉलिवूडनं त्यांना कधीही प्रेमकथेचा नायक केलं नाही. रंग न लावण्याचा निर्णय आम्ही एका बैठकीत घेतला होता. तो सोपा होता. जोडीचा प्रश्न आम्हाला दिसलाच नव्हता, तो एका मुलीला दिसला.

दुसऱ्या निर्णयाचे पर्याय

समितीपुढे आता तीन वाटा होत्या. आहे तसं ठेवायचं. मित्राला शेवटच्या नाचात जोडी द्यायची. किंवा शेवटच्या नाचातल्या जोड्याच मोडायच्या आणि सगळ्यांनी गटानं नाचायचं.

तिसरी वाट सगळ्यांना एकदम आवडली. इतकी एकदम, की तिथेच शंका यायला हवी होती. बैठकीत कोणीही “काळा मुलगा आणि आपली मुलगी” असं म्हणालं नाही. “लोक काय म्हणतील” हेही नाही. बोलणं झालं ते “वेळ कमी आहे”, “मुलीच्या घरच्यांना विचारावं लागेल”, “उगीच कोणाला अवघडल्यासारखं नको” असं. ताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “वीस मिनिटं आपण जोड्या दाखवणार, आणि तो आला की जोड्या बंद. प्रेक्षकांना कळणार नाही असं वाटतं का तुम्हाला?”

मतं घेतली तेव्हा दुसरी वाट एका मतानं निघाली. काकांनी विरोधात मत दिलं आणि नंतर सगळी व्यवस्था त्यांनीच मन लावून पाहिली. दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात.

प्रत्यक्षात काय केलं

मित्राला विचारलं. तो म्हणाला, “दोन्ही करीन. फक्त जिना अगदी आधी लावू नका, धाप लागते.” मग मधे निवेदन आणि एक मुलींचा नाच घातला.

ज्या मुलीला त्याच्या उंचीमुळे जोडीदार ठरवलं होतं, तिच्या घरून दोन दिवसांत निरोप आला की परीक्षा आहेत, ती शेवटच्या नाचात नसेल. बाकीच्या नाचांत ती होती. कोणी काही विचारलं नाही. मग जिनं प्रश्न काढला होता ती पुढे आली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत. कमरेला हात ठेवून घ्यायच्या गिरक्या जमेनात. त्याला वाकावं लागे आणि वाकला की पाय चुकत. ताईंनी ती पकडच काढून टाकली. दोघांना ‘टॉप हॅट’सारखा अंतर राखून सवाल-जवाब दिला, शेवटच्या आठ मात्रांतच हात हातात. मागाहून पाहता सगळ्या जोड्यांत सर्वांत जुन्या वळणाचा नाच त्यांचाच झाला.

जिन्यासाठी शाळेच्या कॉयरचे रायझर (गाणाऱ्यांना उभं राहायच्या पायऱ्या) मिळाले. ते आतून पोकळ असल्यानं पहिल्या तालमीला धाडधाड वाजले, पावलं काही ऐकू येईनात. वर प्लायवूडचे तुकडे स्क्रूनं बसवले, खाली जुनी सतरंजी कोंबली, आणि समोर जमिनीलगत एक माइक ठेवला. मग पायऱ्या बोलू लागल्या. अस्टेअर कॅमेऱ्याला संपूर्ण शरीर दिसेल असं आणि शक्य तितकं न कापता चित्रण करायला लावत असे. ते लक्षात ठेवून प्रकाशवाल्याला सांगितलं की चेहऱ्यावर स्पॉट नको, पाय दिसले पाहिजेत.

निवेदन मी चार पानांचं लिहिलं होतं, संहिता, इतिहास, सगळं घालून. ताईंनी ते मिनिटाभराच्या चार तुकड्यांवर आणलं. बोजँगल्सच्या नाचाचा उल्लेख ठेवला: हा नाच आहे, उत्तम आहे, आम्ही तो करत नाही आहोत, आणि कारण हे.

निष्पत्ती

जिन्याला कार्यक्रमातल्या सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. शेवटच्या नाचाला इतर जोड्यांना पडतात तशाच पडल्या, आणि मला ते जास्त बरं वाटलं. मित्राची आई दुसऱ्या रांगेत होती. जेवणाच्या वेळी ती ताईंशी पायऱ्यांच्या आवाजाबद्दलच बराच वेळ बोलत होती.

समितीला दोन ईमेल आल्या. एकीत मुलांच्या कार्यक्रमात राजकारण आणल्याची तक्रार होती. दुसरीत मराठी गाणं एकही का नव्हतं, अशी. तिला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

किंमत उंच मुलानं मोजली. त्याचा एकट्याचा नाच गेला, बदल्यात त्याला एक जोडी मिळाली, आणि आपण ज्याला मदतीला आणलं त्यालाच टाळ्या मिळाल्या हे त्याला लागलं. पुढच्या वर्षी तो नाचात उतरला नाही. दोघांची मैत्री टिकली असं ऐकते.

वेगळं काय करता आलं असतं

मित्राला आम्ही फार उशिरा विचारलं. ब्लॅकफेसवर चर्चा झाली तेव्हा तो बैठकीत नव्हता. त्याला काय वाटत असेल याचे अंदाज मात्र सगळ्यांनी बांधले. त्याला वाटत होतं ते अंदाजांपेक्षा तपशीलवार होतं: त्याला रंगापेक्षा चुकीचे पाय खटकले होते. त्याचं म्हणणं सगळ्या काळ्या अमेरिकनांचं म्हणणं नव्हे, हे खरंच. पण तालमीला येऊन शिकवणारा तो होता, तर पावलांच्या निवडीत त्याला पहिल्यापासून जागा हवी होती.

उंच मुलाशी स्वतंत्र बोलायला हवं होतं. सावल्यांची कल्पना वाईट नव्हती, तिला दुसरं गाणं देता आलं असतं. पडदा, दिवा, सगळं हाताशी होतं. आमचं सगळं लक्ष काय करायचं नाही याकडे राहिलं.

जोडीतून मागे हटलेल्या घराला काही विचारलं नाही, हे योग्य होतं की सोयीचं, यावर ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, मुलीला भरीला घालणं हाही अन्याय झाला असता. मला वाटतं निदान मुलीला एकटीला विचारायचं होतं, तिला स्वतःला काय हवं होतं ते.

पुढच्या वर्षीसाठी समितीनं एक नियम लिहून काढला: मंडळाच्या कार्यक्रमात त्वचेचा रंग बदलणारा मेकअप करायचा नाही. जोड्यांबद्दल काही लिहिलं नाही. तसा नियम लिहिणं जमण्यासारखंही नव्हतं. नियम सगळ्यांना पाठवल्यावर लावणीच्या गटातल्या एका आईनं उलट विचारलं, की मुलींना आपण दरवेळी दोन छटा उजळ फाउंडेशन लावतो, ते यात बसतं का. पुढच्या बैठकीच्या विषयांत तो प्रश्न सातव्या क्रमांकावर आहे, सतरंज्यांच्या खरेदीनंतर.